मशीन सांगतंय, पण हुकूम कोणाचा?

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात एक वाक्य वरचेवर कानावर पडतं. "मी काय करू? मशीन सांगतंय!" खरेदी केंद्रावर गाडी लागते, कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसलं जातं, पडद्यावर आकडा येतो आणि भाव ठरतो. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण हमीभाव. ८ ते १२ च्या मधे असेल तर टक्क्यागणिक कपात. १२ च्या वर गेला की सरकारी खरेदी नाहीच. शेतकरी म्हणतो, "अहो, हात घालून बघा, कोरडा आहे." समोरचा माणूस हात घालत नाही. तो आकड्याकडं बोट दाखवतो.

आता हे यंत्र वाईट आहे का? अजिबात नाही. यंत्र नव्हतं तेव्हा खरेदीदार कापूस मुठीत दाबून तोंडाला येईल तो भाव सांगायचा, आणि शेतकऱ्याकडं भांडायला काही आधार नसायचा. यंत्रानं तो आधार दिला. पण यंत्र जिथं खुपसलं जातं तिथलाच ओलावा सांगतं. गाडीच्या तळाला खुपसायचं की वर, पहाटे दव असताना की दुपारी उन्हात, हे ठरवणारा माणूसच असतो. म्हणजे निर्णय माणसानं घेतलेला असतो आणि जबाबदारी मात्र आकड्यावर ढकललेली असते. "मशीन सांगतंय" या दोन शब्दांत ती ढकलाढकली लपलेली आहे.

कापसाच्या गाडीवर यात शेतकऱ्याचे काही हजार रुपये जातात. हेच दोन शब्द सैन्याच्या नियंत्रण कक्षात कोणी उच्चारले तर काय जाईल, हा या लेखाचा विषय आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माणूस यांनी मिळून सैन्याचं नेतृत्व करायचं, अशी कल्पना आता फक्त सिनेमात राहिलेली नाही. ती आपल्या अगदी जवळ येऊन पोचली आहे.

किती जवळ, ते सांगतो. आमचं बोथ नागपूर-हैदराबाद महामार्गापासून थोडं आत आहे. त्या महामार्गाच्या एका टोकाला, नागपुरात, सोलर इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाची कंपनी 'नागास्त्र-१' बनवते. हे साधारण ९ किलो वजनाचं, आकाशात घिरट्या घालत लक्ष्य शोधणारं आणि त्यावर जाऊन आदळणारं ड्रोन आहे. सैन्यानं अशी ४८० मागवली आणि जून २०२४ मध्ये पहिली १२० सैन्याच्या हाती आली. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबादेत, भारत डायनॅमिक्समध्ये 'आकाश' क्षेपणास्त्रं तयार होतात. या दोन टोकांच्या मधे आम्ही कापूस, सोयाबीन, तूर पिकवतो आणि आमची पोरं पहाटे त्याच रस्त्याच्या कडेनं भरतीसाठी धावतात. त्यातली काही उद्या या यंत्रांच्या मागं बसतील. काही यंत्रांच्या समोर असतील.

सरकारच्या पातळीवरची तयारीही जुनीच आहे. २०१८ मध्ये टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली एक कृती गट नेमला गेला. त्याच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये संरक्षण खात्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळी परिषद आणि वेगळी प्रकल्प यंत्रणा उभी राहिली. जुलै २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी या तंत्रावरची ७५ उत्पादनं एकाच कार्यक्रमात लोकांसमोर मांडली. मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सबरोबर 'आकाशतीर' या हवाई संरक्षणाच्या नियंत्रण प्रणालीचा १,९८२ कोटी रुपयांचा करार झाला. वेगवेगळ्या रडारांची माहिती एकत्र करून आकाशाचं एकच चित्र तयार करायचं आणि ते खालच्या तुकडीपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. मे २०२५ मधल्या 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी सीमेपलीकडून आलेले ड्रोन आणि क्षेपणास्त्रं रोखताना ती वापरली गेली, असं सरकारनं जाहीर केलं. तिनं काम चांगलं केलं याचा आनंद आहेच. पण चांगलं काम करणाऱ्या यंत्रावरच माणूस डोळे झाकून विश्वास ठेवायला लागतो, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

बातमी एकानं आणायची आणि निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा, ही विभागणी आपल्याला नवी नाही. शिवाजी महाराज आणि बहिर्जी नाईक यांची जोडी आठवा. १६७९ मध्ये जालना लुटून परत येताना मोगली फौजांनी महाराजांना गाठलं. पेच मोठा होता. सभासदाच्या बखरीत येतं, की तेव्हा बहिर्जीनं वाट काढून द्यायचं पत्करलं आणि तीन दिवस-रात्र चालून फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणली. महाराजांनी स्वतःचा जीव आणि सगळी फौज एका हेराच्या सांगण्यावर सोपवली. मग आजच्या सेनापतीनं यंत्राच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर बिघडलं कुठं?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. बहिर्जी त्या वाटेवर स्वतः पुढं चालत होता. वाट चुकली असती तर त्याचंही डोकं उडालं असतं. दुसरं असं, की महाराज त्याला विचारू शकत होते, "तुला हे कसं कळलं? कधी पाहिलंस? पाणी कुठं आहे?" आणि "इथपर्यंत माझी खात्री आहे, पुढं नाही," असं म्हणायची सोय त्याला होती. यंत्राचा जीव जात नाही. ते कशावरून बोलतंय हे पुष्कळदा त्याच्या कर्त्यांनाही नीट सांगता येत नाही. आणि खात्री नसतानाही ते खात्री असल्यासारखं बोलू शकतं. म्हणून हेरावर टाकायचा विश्वास आणि यंत्रावर टाकायचा विश्वास एका तराजूत तोलता येत नाही.

थोडं जगाकडं बघू. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत रशियात स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा लेफ्टनंट कर्नल इशारा केंद्रात ड्युटीवर होता. उपग्रहाच्या यंत्रणेनं सांगितलं, अमेरिकेनं एक क्षेपणास्त्र सोडलंय. मग आणखी चार. नियमाप्रमाणं त्यानं वर कळवायचं होतं, हल्ला झालाय म्हणून. तो थबकला. अमेरिकेला युद्धच सुरू करायचं असतं तर ती पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारला तर काहीच दिसत नाहीये. त्यानं वर कळवलं की हा इशारा खोटा आहे. तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रह क्षेपणास्त्र समजला होता. माणसानं यंत्राचं ऐकलं नाही म्हणून जग वाचलं, असं म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते.

पण एवढीच गोष्ट सांगून थांबणं बरोबर नाही. ३ जुलै १९८८ ला इराणच्या आखातात अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेनं इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली, त्यात ६६ मुलं होती आणि १० भारतीय होते. त्या नौकेवर 'एजिस' ही त्या काळातली अत्यंत प्रगत संगणकीय यंत्रणा होती. नंतरच्या चौकशीत नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की यंत्रणेत विमान वर चढतंय अशीच नोंद होती. कक्षातली माणसं मात्र ते खाली, आपल्या अंगावर येतंय असं ओरडून सांगत होती. त्याच वेळी इराणी बोटींशी चकमक चालू होती, ताण होता, आणि हल्ला होणार हे मनात आधीच ठरलेलं होतं. यंत्र बरोबर होतं, माणूस चुकला.

तिसरी गोष्ट २००३ ची, इराक युद्धातली. मार्च महिन्यात मोहिमेवरून परत येणारं ब्रिटनचं टॉर्नेडो विमान अमेरिकेच्याच पेट्रियट क्षेपणास्त्रानं कुवेतच्या सीमेजवळ पाडलं. दोन्ही वैमानिक मेले. यंत्रणेनं त्या विमानाला शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं होतं. विमानाची 'मी आपला आहे' ही खूण यंत्रणेपर्यंत पोचली नव्हती. चालकांच्या हाती विचार करायला फारच थोडा वेळ होता. तिथं माणूस होता, बटण त्याच्याच हातात होतं. पण यंत्राला नाही म्हणायला लागणारी माहिती त्याच्याकडं नव्हती आणि वेळही नव्हता.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की 'माणूस चांगला की यंत्र चांगलं' हा वादच फोल ठरतो. कधी हा चुकतो, कधी ते चुकतं, आणि कधी दोघं मिळून एकच चूक करतात. खरा प्रश्न असा, की दोघांपैकी एक चुकला तर दुसऱ्याला ते कळावं आणि थांबवता यावं, अशी व्यवस्था आपण केली आहे का?

हे सगळं परदेशातलं आहे असं समजू नका. २७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरच्या आकाशात दोन्ही बाजूंची विमानं होती. त्याच सकाळी श्रीनगरहून उडालेलं आपल्या वायुदलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळलं. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहा जणांत आपल्या नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ऑक्टोबरमध्ये वायुदलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं, की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं आणि ही मोठी चूक होती. वर्तमानपत्रांतून पुढं आलं ते असं: हेलिकॉप्टरवरची आपलं-परकं ओळखणारी यंत्रणा बंद होती आणि जमिनीवरचा कक्ष व हेलिकॉप्टर यांच्यातला समन्वय तुटला होता. अधिकाऱ्यांवर कारवाई सुरू झाली, कोर्ट मार्शल झालं, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं.

या घटनेत कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. पण माणूस आणि यंत्र यांचं नातं तेच होतं. ओळख पटवायचं यंत्र होतं, पण बंद. क्षेपणास्त्र अचूक होतं, म्हणून तर ते लागलं. मधे माणसं होती, आणि त्यांच्याकडं काही क्षण होते. आता त्या कक्षात एक हुशार यंत्रणा असती अशी कल्पना करा. तिनं पडद्यावर लिहिलं असतं, 'शत्रूचं असण्याची शक्यता अमुक टक्के.' त्या आकड्यानं अधिकाऱ्याला थांबवलं असतं की ढकललं असतं? मला वाटतं, ते यंत्रणेत आधी काय बसवलंय यावर अवलंबून राहिलं असतं. 'या भागात आपलीही हेलिकॉप्टरं उडत असतात आणि त्यांची खूण कधीकधी बंद असते' हे तिला शिकवलेलं असतं तर ती म्हणाली असती, थांबा. नाहीतर तिनं चुकीला आकड्याचा मुलामा दिला असता, एवढंच.

या विषयावरच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं, की अखेरचा निर्णय माणसाचाच राहील. ऐकायला बरं वाटतं. पण नुसता माणूस बसवून भागत नाही. समजा, एका अधिकाऱ्यासमोर एका रात्रीत यंत्रणेनं दोनशे लक्ष्यं ठेवली आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला. तो प्रत्येकावर 'मंजूर' दाबत जाईल. कागदावर निर्णय माणसाचा, खरं तर माणूस म्हणजे शिक्का. आपल्याकडं सरकारी कचेरीत साहेब न वाचता सही करतात तेव्हा त्या सहीची किंमत काय असते, हे कुठल्याही गावकऱ्याला विचारा.

'नागास्त्र'चंच उदाहरण घ्या. त्याच्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणं चालकाच्या नियंत्रणात त्याचा पल्ला १५ किलोमीटर आहे आणि स्वयंचलित पद्धतीत ३० किलोमीटर. म्हणजे अर्ध्या पल्ल्यापर्यंत माणसाचा डोळा सोबत असतो. तिथून पुढं आधी ठरवून दिलेल्या ठिकाणाकडं ते एकटं जातं. त्याचा एक गुण मात्र मला फार मोलाचा वाटतो. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली तर त्याला परत बोलावता येतं, आणि ते पॅराशूटनं उतरतं. सुटलेला बाण परत येत नाही असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. हा बाण परत येऊ शकतो. यंत्र बनवणाऱ्यांनी हुकूम मागं घ्यायची सोय ठेवली आहे. प्रश्न एवढाच उरतो, की हुकूम मागं घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचे वरिष्ठ काय म्हणतील? "सावध होता" म्हणतील की "कचखाऊ निघाला" म्हणतील? यंत्रात सोय असून संस्थेत ती नसेल तर काही उपयोग नाही.

मग या जोडीत माणसानं नेमकं काय आणायचं? वेगात तो यंत्राला हरवू शकत नाही, हिशेबातही नाही. तो आणतो ती जागेची आणि माणसांची ओळख. आमच्याकडचं उदाहरण देतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या रानात मोह गळतो. पहाटे, अंधारातच, बायका-पोरं टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, कारण जनावरांच्या आधी फूल वेचायचं असतं. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी टोळ्याच्या टोळ्या जातात. आता वरून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं ड्रोन फिरलं तर त्याला काय दिसेल? पहाटे चार वाजता दहा-बारा माणसं, ओळीनं, पाठीवर ओझं, रस्ता सोडून रानात. यंत्र म्हणेल, संशयास्पद हालचाल. आणि यंत्र खोटं बोलत नसेल, त्याला शिकवलंय ते तेवढंच. पण उटनूरचा, बोथचा किंवा गडचिरोलीचा कुणी पोरगा त्या पडद्यासमोर बसलेला असेल तर तो म्हणेल, "साहेब, मोह वेचायला चाललेत."

गडचिरोलीत १९९० मध्ये पोलिसांनी सी-६० हे पथक उभं केलं तेव्हा त्यात तिथल्याच तरुणांना घेतलं. कारण साधं होतं. त्यांना जंगल माहीत होतं, गोंडी येत होती, लोकांच्या चालीरीती ठाऊक होत्या. बाहेरून आलेल्या उत्तम बंदुकीला जे कळत नाही ते त्यांना कळत होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेलाही हेच लागू आहे. ज्या भाषेचं लिखाण यंत्राला थोडं मिळालं, त्या भाषेत ते जास्त चुकतं. गोंडीची काय कथा, आमच्या सीमेवरच्या मराठीतच तेलुगू, उर्दू, गोंडी शब्द असे मिसळलेले आहेत की पुण्याचा पाहुणाही मधेच विचारतो, म्हणजे काय? पकडलेल्या संभाषणाचा अर्थ यंत्रानं लावायचा आणि त्यावर कारवाई व्हायची असेल, तर एका शब्दाच्या चुकीची किंमत कोण मोजणार? म्हणून भाषा जाणणारा माणूस शेवटी सही करायला नको, सुरुवातीला शिकवायला आणि मधे अडवायला हवा.

माणसाची एवढी बाजू घेतली म्हणून माणूस नेहमी दयाळू असतो असं मी म्हणत नाही. आमच्या जिल्ह्यात तरी कोणी तसं म्हणू शकणार नाही. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीचा बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर गोंड आदिवासींची सभा होती. सभेची परवानगी ऐनवेळी रद्द झाली, आणि लांबच्या गुड्यांतून निघालेल्या लोकांना ते कळलं नाही. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक आजही त्याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. तिथं कुठलंही हुशार यंत्र नव्हतं. हुकूम माणसाचा, बंदूक माणसाची. आज तिथं स्तूप उभा आहे, पण कोणत्या क्षणी कोणाच्या सांगण्यावरून काय झालं याचं एकमतानं मान्य झालेलं उत्तर चाळीस वर्षांनंतरही लोकांना मिळालेलं नाही.

इथं मला यंत्राची बाजूही मांडावीशी वाटते. यंत्राला एक गोष्ट उत्तम जमते, ती म्हणजे नोंद ठेवणं. किती वाजता काय दिसलं, यंत्रानं काय सुचवलं, कोणी मान्य केलं, कोणी नाकारलं, हुकूम कोणत्या मिनिटाला सुटला, हे सगळं ते जसंच्या तसं जपू शकतं. 'व्हिन्सेन्स'वर माणसांची आठवण आणि यंत्राची नोंद यांत फरक आहे हे कळलं, ते नोंद होती म्हणूनच. म्हणजे हीच यंत्रणा जबाबदारी लपवायचा पडदाही होऊ शकते आणि जबाबदारीचा साक्षीदारही. काय व्हायचं हे नियम ठरवतो. नोंद कोणाच्या ताब्यात राहील, ती पुसता येईल का, चौकशीत ती कोणाला बघायला मिळेल, हे आधी लिहून ठेवलं पाहिजे. घटना घडल्यावर ठरवायला गेलं तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. शत्रूचं यंत्र क्षणात निर्णय घेणार आणि आपला अधिकारी विचार करत बसणार, मग हरायचं का? आक्षेप खरा आहे आणि सीमेवरच्या जवानाच्या जिवाचा आहे, म्हणून तो उडवून लावता येणार नाही. माझं उत्तर असं, की सगळे निर्णय एका जातीचे नसतात. आपल्या तळाकडं येणारं क्षेपणास्त्र पाडायचं असेल तर सेकंदांचा प्रश्न आहे. तिथं यंत्राला मोकळीक द्यावी लागेल, आणि त्याच्या मर्यादा आधीच आखून द्याव्या लागतील. कुठल्या भागात, किती वेळ, कुठल्या प्रकारच्या लक्ष्यावर, हे त्यात आलं. पण एखाद्या घरावर, एखाद्या गाडीवर, जंगलातल्या दहा माणसांवर हल्ला करायचा असेल तर बहुतेक वेळा दहा मिनिटं थांबता येतं. तिथं घाई ही युद्धाची गरज नसते, सवय असते. ज्या निर्णयात माणसं मरणार आणि तो फिरवता येणार नाही, त्यात वेळ राखून ठेवणं हे सेनापतीचं काम आहे. वेळ कमी पडावा अशी यंत्रणा उभी करून मग 'वेळ नव्हता' म्हणणं हे काही उत्तर नाही.

आपला देश या बाबतीत कुठं उभा आहे? स्वयंचलित शस्त्रांवर जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाची चर्चा सुरू झाली तेव्हा २०१७ आणि २०१८ मध्ये गटाचं अध्यक्षपद भारताचे राजदूत अमनदीप सिंग गिल यांच्याकडं होतं. त्या गटानं २०१९ मध्ये जी ११ तत्त्वं मान्य केली त्यांत, शस्त्र वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसावरच राहील, यंत्रावर ढकलता येणार नाही, असं तत्त्व आहे. पुढं डिसेंबर २०२३ मध्ये महासभेत या शस्त्रांवर ठराव आला. १५२ देश बाजूनं, ४ विरोधात. त्या चारांत भारत होता. चर्चेची योग्य जागा जिनिव्हाच आहे, दुसरी फळी उघडू नये, ही आपली भूमिका. भूमिका समजू शकते. पण जो देश बाहेरचा नियम नको म्हणतो त्यानं घरचा नियम अधिक कडक ठेवायला हवा, एवढी अपेक्षा नागरिक म्हणून आपण करू शकतो.

घरच्या नियमाची सुरुवात झालेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्ता विश्वासार्ह आहे का हे तपासायची एक चौकट जाहीर झाली. तिचे पाच खांब आहेत: भरवशाचं आणि मजबूत असणं, सुरक्षितता, पारदर्शकता, न्याय्यपणा आणि खासगीपणाची जपणूक. पाचही चांगले आहेत. पण नीट पाहिलं तर हे पाचही गुण यंत्राचे आहेत. सहावा खांब माणसाचा हवा, उत्तरदायित्वाचा. प्रत्येक यंत्रणेच्या कागदावर लिहिलेलं असावं, की हिच्या सांगण्यावरून झालेल्या कारवाईचं उत्तर अमुक पदावरचा अधिकारी देईल. त्या अधिकाऱ्याला यंत्राला नाही म्हणायचा अधिकार असेल, आणि नाही म्हटल्याबद्दल त्याची बढती अडणार नाही. त्याच्या प्रशिक्षणात यंत्र मुद्दाम चुकवून दाखवलं जाईल, म्हणजे चूक ओळखायची सवय लागेल. तंत्रज्ञान नवं आहे, तत्त्व जुनंच आहे. यंत्राकडून सल्ला घ्या, पण उत्तर माणसानंच द्यायचं.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. मला तो इथंच शोभतो असं वाटतं. हुकूम ही शेवटी भाषाच असते. 'गोळी चालवली' आणि 'गोळी चालली' या दोन वाक्यांत व्याकरणाचा केवढासा फरक आहे, पण पहिल्यात कर्ता शोधावा लागतो आणि दुसऱ्यात तो गायबच होतो. 'लक्ष्य निष्क्रिय करण्यात आलं', 'यंत्रणेनं शिफारस केली', 'मशीन सांगतंय', अशी कर्ता गिळणारी वाक्यं येत्या काळात आपल्याला फार ऐकू येणार आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला वाक्यातला कर्ता ओळखायला शिकवलेलं असतं. निदान त्यानं तरी तो विचारावा.

आणि आमच्या भागातल्या ज्या पोरांचा भरतीचा सराव चालू आहे त्यांनाही एवढंच सांगणं. पळा, उड्या मारा, गणित पक्कं करा, संगणक शिका, यंत्राला घाबरू नका. ते तुमच्याहून वेगवान आहे हे मान्य करा. पण रान, माणसं आणि भाषा तुम्हाला जेवढी कळते तेवढी त्याला कळत नाही, हे विसरू नका. उद्या एखाद्या पडद्यासमोर बसाल आणि आकडा समोर येईल, तेव्हा कापसात हात घालून बघतात तसा एकदा हात घालून बघा.